मुलीच्या घरचे पाणी

नॉटिंगहॅम, ता. १७ मे १९८७

श्री. भगवानराव पाटणकर, मुक्काम कोरेगाव, यांस तासगावचे गणपत तुकाराम खराडे यांचा विलायतेहून नमस्कार.

आपण वराचे वडील आणि मी वधूचा बाप; सबब पत्र प्रथम मी लिहिणे रीतीला धरून आहे, म्हणून लिहीत आहे. लग्नाच्या पंगतीपासून आपले-माझे बोलणे नाही. या पत्राने ते सुरू झाले, असा अर्थ कृपया काढू नये.

मी सुखरूप पोहोचलो. आपले चिरंजीव डॉ. गिरीशराव मोटार घेऊन विमानतळावर आले होते. त्यांची प्रकृती उत्तम आहे. फक्त डोक्यावरचे केस आपल्या वळणावर चालले आहेत. आमची सुनीती बरी आहे. घर विटांचे व दोन मजली आहे. मागे लांबट परसू असून त्याच्या टोकाला लाकडी खोली आहे. तिला येथे शेड म्हणतात. या शेडचा उल्लेख पुढे येईल.

आता मुख्य मुद्दा. सात वर्षांपूर्वी तासगावच्या मंडपात आपल्याकडील पंगत बसली होती आणि मी जिलबीचे ताट घेऊन वाढत होतो. त्या वेळी आपण सर्वांदेखत म्हणालात, "खराडे, पोरगी विलायतेला चालली. म्हातारपणी तुमच्या जेवणाची सोय झाली." पंगत हसली. आपले मेहुणे ठसका लागेपर्यंत हसले व त्यांना मीच पाणी दिले. हातातले ताट खाली न ठेवता मी उत्तर दिले होते की, मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणी पिऊ नये ही आमच्या घराची रीत आहे, आणि ती मी विलायतेत जाऊनही पाळीन. त्यावर आपण म्हणालात, "बघू."

तरी बघावे.

सुनीतीने तिकीट पाठविले म्हणून मी आलो. तिकीट हा खाद्यपदार्थ नव्हे. विमानात जेवलो ते कंपनीचे होते. रात्री त्यांच्या घरात झोपतो; झोपणे म्हणजे जेवणे नव्हे. ट्रंकेतून ज्वारीचे पीठ, बेसन, सातू, मेतकूट व कांदा-लसणाची चटणी आणली आहे. स्वयंपाक शेडमध्ये करतो. स्टोव्ह गिरीशरावांचा असला तरी तो उसना घेतलेला आहे. शेड घरात मोडते किंवा कसे, हा प्रश्न आपण काढाल, म्हणून आधीच सांगतो. शेडची एकही भिंत घराला लागून नाही आणि तिचे दार व कुलूप स्वतंत्र आहे. मी चौथी उत्तीर्ण आहे, आणि दिवाणी कोर्टात पट्टेवाला म्हणून मी तीस वर्षे पुकारे काढले आहेत. घर कोणते आणि आवार कोणते, यावरची भाषणे मी उभ्याने ऐकलेली आहेत. मी दोन्ही बाजू विचारात घेऊन निकाल माझ्या बाजूने दिला.

पाण्याची व्यवस्थाही झाली आहे. कुंपणापलीकडे मिसेस हॉलम नावाच्या वृद्ध विधवा बाई राहतात. पूर्वी त्या लेस विणण्याच्या कारखान्यात होत्या. सकाळी मी कोट घालून, प्लॅस्टिकचा कॅन घेऊन कुंपणाशी उभा राहतो आणि "वॉटर, प्लीज" म्हणतो. त्या कॅन भरून देतात व मला "डक" म्हणतात. हा पक्षी आहे. मी गिरीशरावांना विचारले असता, या गावात सर्वांनाच प्रेमाने तसे म्हणतात, असे समजले. तूर्त हरकत घेतलेली नाही.

सुनीती रोज सकाळी पेला भरून माझ्यापुढे ठेवते. मी हात आडवा करतो. ती तो परत नेते. येणेप्रमाणे आपली खात्री पटावी.

ग. तु. खराडे
चौथी उत्तीर्ण, निवृत्त पट्टेवाला


नॉटिंगहॅम, ता. १४ जून १९८७

श्री. भगवानराव यांस, नमस्कार पोहोचावा.

आपले कार्ड मिळाले. "पाणी प्यालात का?" एवढाच मजकूर आहे. साखर कारखान्याचे भांडार सांभाळलेल्या माणसाने कार्डावर इतकी जागा रिकामी सोडावी, याचे नवल वाटले. उत्तर: नाही.

सुनीतीलाही आपले स्वतंत्र पत्र आले. तिने ते उभ्यानेच वाचले, घडी केली आणि खणात ठेवले. काय लिहिले आहे असे विचारता, "आशीर्वाद दिलाय" एवढेच म्हणाली. आपण आशीर्वाद तरी सविस्तर लिहिता, हे पाहून बरे वाटले.

दरम्यान येथे एक प्रकार घडला. तो आपल्याला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावा.

मिसेस हॉलम पाण्याबरोबर मला हळूहळू इतर वस्तू देऊ लागल्या. आधी लोणी लावलेला पाव, मग उकडलेले अंडे, आणि एके दिवशी आपल्या दिवंगत यजमानांचा लोकरी स्वेटर. मी त्याला शेजारधर्म समजलो. प्रत्यक्षात ती कणव होती. त्यांना खिडकीतून रोज एवढेच दिसत असे की, एक म्हातारा परसातल्या शेडमध्ये धुरात बसून काहीतरी शिजवतो, पाण्यासाठी दुसऱ्याच्या कुंपणाशी उभा राहतो, आणि काचेच्या आत त्याची मुलगी व डॉक्टर जावई टेबलाशी बसून जेवतात. त्यांनी कौन्सिलला, म्हणजे येथल्या नगरपालिकेला, कळविले.

कौन्सिलकडून एक तरुण बाई आल्या. त्यांनी प्रथम शेड पाहिली. माझ्या शेडमध्ये आलेले माणूस तोंडी काही न घालता परत जाणार नाही, म्हणून मी त्यांना खोक्यावर बसवून पिठले-भाकरी दिली. त्यांनी ती खाल्ली, डोळे पुसले व आणखी मागितली. मग बैठकीच्या खोलीत रीतसर चौकशी झाली. गिरीशराव दुभाषी होते.

बाईंनी विचारले, या घरात तुम्हाला जेवण मिळते का. मी सांगितले, नाही.

पाणी मिळते का. नाही.

गिरीशराव हे इंग्रजीत सांगताना घुटमळू लागले. मी त्यांना बजावले की, साक्षीदाराचे म्हणणे जसेच्या तसे सांगावे, पदरचे घालू नये. तेव्हा ते म्हणाले, "अण्णा, जसंच्या तसं सांगितलं तर त्या मला घेऊन जातील."

सुदैवाने बाई हुशार होत्या. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला की, देत नाहीत की तुम्ही घेत नाही. मी सांगितले, देतात. सकाळी देतात, दुपारी देतात, संध्याकाळी देतात. मीच नाकारतो. त्यावर कारण विचारले गेले. मी रीत सांगितली. हे इंग्रजीत गिरीशरावांनी सांगितले नाही, सुनीतीने सांगितले, आणि फार थोड्या शब्दांत. कौन्सिलच्या बाईंनी मान हलवली. त्यांचा चेहरा एकदम निवळला. सुनीतीकडे वळून, अगदी मऊ आवाजात, त्यांनी हसून काही विचारले. मागाहून मी गिरीशरावांकडून त्याचा अर्थ घेतला. त्यांनी विचारले होते, "मग बाळ कधी यायचंय?"

सुनीती उठली. चहा ठेवते म्हणाली व स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत होता. एका किटलीला इतके पाणी लागत नाही. बाई गेल्यावर मी तिला त्याबद्दल बोललो, कारण पाण्याची नासाडी मला खपत नाही.

आपल्या चिरंजिवांवर कोणताही ठपका आला नाही, हे नमूद करतो. बाई पिठल्याची कृती लिहून घेऊन गेल्या. मिसेस हॉलम यांनी पश्चात्ताप म्हणून केक आणून दिला. तो मी खाल्ला, कारण तो या घरचा नव्हता.

त्याच संध्याकाळी गिरीशराव शेडच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णा, आपण स्कॉटलंडला जाऊ. तिथं जंगल आहे, धबधबा आहे, आणि आपलं घर नाही. तिथं तरी तिघं एका ठिकाणी बसून जेवू." मी विचार करून कळवतो, असे म्हटले आहे.

ग. तु. खराडे


स्कॉटलंड, उत्तर भाग, ता. २५ जुलै १९८७

श्री. भगवानराव यांस नमस्कार.

आपले दुसरे कार्ड निघण्यापूर्वी मिळाले. मजकूर पहिलाच होता. उत्तरही पहिलेच.

हा प्रदेश पृथ्वीच्या टोकाशी असावा. दुकान नाही, बस नाही, माणूस नाही. जिकडे पाहावे तिकडे डोंगर, काळी तळी आणि सुईसारख्या पानांचे उंच वृक्ष. त्यांच्या फांद्यांना म्हाताऱ्याच्या दाढीसारखे शेवाळ लोंबते. संध्याकाळ होते, परंतु नंतर तिचे काय करावे हे सूर्याला सुचत नाही असे दिसते. जेवणे झाली तरी उजेड असतो.

येथे गिरीशरावांनी एक लहान घर भाड्याने घेतले आहे. त्यांचा समज होता की येथे माझी हरकत राहणार नाही. मला त्यांना सांगावे लागले की, भाडेकरूचा ताबा हा ताबाच असतो. घराची किल्ली ज्याच्या खिशात, घर त्याचे. ते बराच वेळ डोंगराकडे पाहत उभे राहिले. मला याची कल्पना आधीच असल्यामुळे मी मिसेस हॉलम यांच्याकडचे पाणी कॅन भरून नॉटिंगहॅमहून आणले आहे. सबंध इंग्लंड तो माझ्या मांडीवर होता. वाटेत गिरीशरावांनी तो डिकीत ठेवू का असे विचारले. मी नको म्हटले. सुनीती पुढे बसली होती. ती मागे वळली नाही.

स्वयंपाक घराबाहेर भिंतीच्या आडोशाला करतो. येथे मिजेस नावाची चिलटे आहेत. ती दिसत नाहीत, पण चावतात. पिठल्यात पडली की दिसतात.

घरमालक मॅक्रे हे वृद्ध वनरक्षक आहेत. त्यांचे इंग्रजी गिरीशरावांनाही कळत नाही. त्यामुळे या देशात आल्यापासून प्रथमच आम्ही सासरे-जावई एका पायरीवर आलो. मॅक्रे यांनी माझे धोतर निरखून पाहिले आणि मग स्वतःच्या गुडघ्यावर हात मारून दाखविला. त्यांच्याकडेही पुरुष घागरा घालतात व त्यात चिलटे शिरतात, असा मी त्याचा अर्थ घेतला.

उद्या धबधब्याला जायचे आहे. त्याला नाव आहे, परंतु ते मॅक्रे यांच्याखेरीज कोणाला उच्चारता येत नाही. वाट पायीच आहे.

ग. तु. खराडे


त्याच मुक्कामाहून, ता. २६ जुलै १९८७

श्री. भगवानराव यांस नमस्कार.

धबधबा पाहिला. चांगला आहे.

तपशील येणेप्रमाणे. सकाळी आम्ही तिघे निघालो. मी कोर्टाचा काळा कोट, टोपी, धोतर, कॅनव्हासचे बूट, छत्री व कॅन अशा वेशात होतो. आरंभी जंगलातून पाऊलवाट होती. पुढे झाडे विरळ झाली आणि जमीन असल्याचा भास उरला. वरून गवत व जांभळी झुडुपे, खाली काळा चिखल. अशा एका जागी माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. मी पडलो नाही, बसलो. कॅन माझ्याखाली होता. झाकण उडाले आणि मिसेस हॉलम यांचे सर्व पाणी स्कॉटलंडला मिळाले. गिरीशरावांनी झाकण शोधून दिले. ते हसले नाहीत. याबाबतीत ते आपल्या मामांवर गेलेले नाहीत.

त्यानंतर चढ होता. मला तहान लागली होती, परंतु ती माझी खाजगी बाब होती. सुनीतीने पिशवीतून पाण्याचा फ्लास्क काढून पुढे केला. मी हात आडवा केला. ती म्हणाली, "अण्णा, ओठ सुकलेत तुमचे." मी पुन्हा हात आडवा केला आणि रीत ती रीत, असे म्हणालो. तेव्हा तिने फ्लास्क उपडा केला, सगळे पाणी त्या झुडुपांवर ओतले, झाकण घट्ट लावले आणि मागे न पाहता एकटी वर निघून गेली.

गिरीशराव बूट काढून पायाचा फोड पाहत दगडावर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "दर वेळी मी जातो तिची समजूत काढायला. आज तुम्ही जा, अण्णा."

मी निघालो आणि धुके उतरले. आपण धुके पाहिले असेल. हे तसे नव्हते. छत्रीचे टोक दिसेनासे झाले. धबधब्याचा आवाज येत होता, पण तो चारही बाजूंनी येत होता, त्यामुळे कडा कोणत्या बाजूला आहे हे कळत नव्हते. सुनीती पुढे होती, पण पुढे म्हणजे कोठे? मी साध्या हाका मारून पाहिल्या. त्या धुक्याने गिळल्या.

तेव्हा मी टोपी नीट केली, टाचा जुळवल्या आणि पुकारा काढला.

आपण कोर्टाची पायरी चढलेला नाहीत असे ऐकतो, म्हणून सांगतो. पक्षकाराचे नाव तीन वेळा पुकारायचे असते. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी आले नाही, तर त्याच्या गैरहजेरीत निकाल होतो. मग त्याने नंतर येऊन कितीही डोके आपटावे. माझा आवाज दिवाणी कोर्टाच्या ओट्यावरून भाजी बाजारापर्यंत जात असे. मी पहिला पुकारा काढला, "सुनीती गणपत खराडे हाजिर होऽऽ". उत्तर आले नाही. दुसरा काढला. नाही.

तिसऱ्याला मी थांबलो. तीस वर्षांत मी तिसऱ्या पुकाऱ्याला कधी थांबलो नव्हतो. लोकांची घरेदारे जात असत आणि मी तिसरा पुकारा काढून विडी ओढायला जात असे. या वेळी तोंड उघडेना. मग ध्यानात आले की, मी पुकारतो आहे त्या नावाची बाई सात वर्षांपूर्वीच तासगावच्या मंडपातून उठून गेली. जी हजर नाही तिचे नाव दुसरे आहे. म्हणून छातीत हवा भरून मी पुकारले, "सुनीती गिरीश पाटणकर हाजिर होऽऽ".

आपले आडनाव मी आजवर मोठ्याने घेतले नव्हते. आवाज चांगला लागतो त्यात.

"हाजिर," असे उत्तर आले, आणि ते माझ्या उजव्या बुटापासून फार लांबून आले नाही. ती खालच्याच खडकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पहिले दोन ऐकू आले नाहीत का, असे मी विचारले. ती म्हणाली, "आले. बघत होते, तिसरा काढता की परत जाता."

थोड्या वेळाने धुके फाटले आणि समोर धबधबा होता. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे आहे. त्या काळ्या मातीतून येते म्हणून तसे दिसते, असे सुनीती म्हणाली. ते फार उंचावरून पडते आणि पडताना कोणाकडे पाहत नाही. तेथे आम्हा बापलेकीत जे बोलणे झाले, तो या पत्राचा विषय नाही.

परतताना कॅन पुन्हा भरलेला होता व तो मीच उचलला होता.

संध्याकाळी मॅक्रे भेटले. ते काहीतरी उत्साहाने सांगत होते. सुनीतीला थोडे कळले. ते म्हणत होते की, रानातले नर हरीण एरवी शरद ऋतूत ओरडू लागते. यंदा ते जुलैतच ओरडले, आणि असा दमदार नर त्यांनी उभ्या हयातीत ऐकला नव्हता. सुनीती खूप हसली. या देशात ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. मी खुलासा केला नाही.

ग. तु. खराडे


नॉटिंगहॅम, ता. २३ ऑगस्ट १९८७

श्री. भगवानराव यांस सप्रेम नमस्कार.

आपले तिसरे कार्ड मिळाले. "धबधब्यापाशी पाणी नाकारल्याचे पत्रात अक्षर नाही. म्हणजे प्यालात." आपण इतकी वर्षे भांडार सांभाळलेत, त्यामुळे काय कमी आहे हे आपल्या नजरेतून सुटत नाही, हे मान्य करतो.

आता त्या दिवशीचे सांगतो. जे सांगणार आहे त्याला सुनीतीची व गिरीशरावांची संमती आहे. ती म्हणाली, "मामंजींना तुम्हीच कळवा. तुमचा आवाज मोठा आहे."

खडकावर बसल्यावर तिने पुढचे सांगितले. "अण्णा, मला मूल होणार नाही. तीन वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं. आईला ठाऊक आहे." मग तिच्या आईने, आमच्या कांताबाईने, मी निघताना, लेकीच्या घरचे पाणी निमूट प्या म्हणून का बजावले होते, ते मला कळले. मी तेव्हा तिला, तुला रीतीतले काय कळते, असे म्हणालो होतो. सुनीती पुढे म्हणाली, "मामंजी दर पत्रात गोड बातमी विचारतात. वर्षातून चार पत्रं. ती मी खणात टाकते. पण तुम्ही रोज समोर बसून विचारता. हात आडवा केलात की मला तेच ऐकू येतं."

मी तिला सांगितले की, मी असे काही विचारीत नव्हतो. मी आपल्या पंगतीला उत्तर देत होतो. ती म्हणाली, "मग पंगतीला सांगा. माझ्या पेल्याला कशाला?"

याला आपल्याकडे उत्तर असल्यास कळवावे.

तिने फ्लास्कचे झाकण धबधब्याखाली धरून भरले आणि पुढे केले. "हे कुणाच्या घरचं नाही. आता तरी प्या." माझी जीभ टाळूला चिकटली होती, हे खरे. तरीही मी नाकारले. तिच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहून मी घाईने सांगितले की, कुणाच्याच घरचे नसलेले पाणी मला नको; कॅन आण. तिला काही समजले नाही, पण तिने कॅन भरला. उतरताना गिरीशरावांनी माझे ओठ पाहिले, माझ्या हातातला भरलेला कॅन पाहिला, आणि डॉक्टर असूनही तसेच पुढे चालू लागले. परतल्यावर मी मॅक्रे यांच्याकडे चार पेले चहा घेतला. ते माझे जावई नाहीत.

तो कॅनसुद्धा सबंध इंग्लंड माझ्या मांडीवर होता. घरी आल्यावर मी शेडकडे वळलो नाही. पुढच्या दाराने आत गेलो व थेट सुनीतीच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. आल्यापासून त्या खोलीत मी पाऊल टाकले नव्हते. खिडकीत पितळेची कळशी होती. लग्नात कांताबाईने रुखवतात मांडलेली ती कळशी आपल्या स्मरणात असेल, कारण ती ठोक्याची नाही, यंत्रावरची आहे असे आपण म्हणाला होता. ती ठोक्याचीच आहे. तिच्यात या लोकांनी छत्र्या ठेवल्या होत्या. मी त्या काढल्या, कळशी चिंचेऐवजी लिंबाने घासली आणि कॅनमधले पाणी तिच्यात ओतले. पाणी आता सुनीतीच्या कळशीत, सुनीतीच्या ओट्यावर होते. मी टेबलाशी खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, "सुनीती, पाणी दे."

येथे गिरीशरावांनी व्यत्यय आणला. रानातले पाणी आहे, मेंढ्या चरतात, उकळल्याखेरीज कोणी प्यायचे नाही, असे त्यांनी डॉक्टर या नात्याने बजावले. सुनीती रडत होती, मी टोपी काढून बसलो होतो, आणि हे किटलीला हात लावून ती तापली का पाहत होते. आपल्या वंशात प्रसंगाचे भान जरा कमी आहे. मग पाणी उकळून निवेपर्यंत आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत बसलो. शेवटी तिने पेला भरून माझ्यापुढे ठेवला. मी हात आडवा केला नाही.

चव मातीची होती. आम्ही तिघांनीही घेतले.

आता आपण म्हणाल, पाणी धबधब्याचे होते, मग खराड्यांची रीत मोडली कोठे? असा बचाव मला करता आला असता. तीस वर्षे वकिलांना ऐकले आहे, चांगला केला असता. मी तो करीत नाही. दुसरा पेला नळाचा होता.

त्यानंतर सुनीतीच्या हातची भाकरी खाल्ली. भाकरीला पापुद्रा येत नाही. ते मी तिला शिकवीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणाशी गेलो नाही, तेव्हा मिसेस हॉलम स्वतःच पाणी घेऊन दारात आल्या. मला टेबलाशी बसलेला पाहून त्यांनी ते फुलझाडांना घातले, आणि सुनीतीला "डक" म्हणून तिच्या गालाला हात लावला. माझी हरकत नाही.

तेव्हा आपण जिंकलात. ठसका लागलेल्या आपल्या मेहुण्यांनाही कळवावे. ते हयात असतील व त्यांना पुन्हा ठसका लागला, तर या वेळी पाणी आपण द्यावे.

आता एक मागणे आहे. यापुढे सुनीतीला लिहिताना गोड बातमी हे शब्द लिहू नयेत. विहिणबाईंनीही लिहू नयेत. तिच्या पत्रात पाऊसपाणी लिहावे, कारखान्याचे राजकारण लिहावे, माझी निंदा लिहिली तरी चालेल. हा पहिला पुकारा समजावा. माझा आवाज स्कॉटलंडात दरीपलीकडे ऐकू गेला आहे; कोरेगाव फार लांब नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आपण दोघांनी येथे यावे, असे गिरीशरावांच्या मनात आहे. आपल्याला विचारायला ते कचरतात, म्हणून मी लिहितो. कांताबाईलाही बोलावले आहे. घरच्या म्हशीची व्यवस्था पुतण्या पाहील. आपण मुलाचे वडील, त्यामुळे आपल्याला येथल्या पाण्याची आडकाठी नव्हती आणि नाही. आपण आजवर का आला नाहीत हे मी विचारणार नाही; प्रत्येक घराचा काही ताठा असतो. धबधब्याला माझ्यासोबत चलावे. चिखलात कोठे बसू नये हे मला माहीत झाले आहे.

जेवणाचे म्हणाल, तर पंगत मीच वाढीन. जिलबी लंडनला वेम्बलीच्या दुकानात मिळते, ती गिरीशराव आणतील. मात्र या खेपेस वाढून झाल्यावर मी ताट खाली ठेवीन आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर जेवायला बसेन. ती रिकामी ठेवावी.

आपला व्याही,
गणपत